मदत हवी आहे: स्लो कुकरमधला (विजेवर मंद आचेनं तासन् तास शिजवणारं भांडं) मीटलोफ (खिम्याचा पावासारखा आकार देऊन शिजवलेला गोळा) कोरडा का होतो?

खानापूर_रोड: दरवेळी तेच. आत भुसा, खाली पाणी. मसाला सगळा घालूनही चव सपक. लो वर आठ तास ठेवतो. रविवारी पाहुणे आहेत, लवकर सांगा. 'व्हिडिओ बघा' म्हणू नका, बघूनच इथं आलोय.

निपाणीकर: खिमा कशाचा? किती? भांडं केवढं? ब्रेड, अंडं काय घालता? हे न सांगता काय सांगायचं ओ?

खानापूर_रोड: मटणाचा की. एक किलो. भांडं साडेतीन लिटरचं. अंडं एक, ब्रेड नाही. करपू नये म्हणून कडेनं वाटीभर पाणी.

कॅम्प_किचन: ते पाणी आधी बंद करा. स्लो कुकरमधून वाफ बाहेर जात नाही, मांसाचंच पाणी पुरतं. १०० ग्रॅम ब्रेडचा चुरा १५० मिली दुधात दहा मिनिटं भिजवा, लगदा झाला की खिम्यात घाला, अंडी दोन. हा लगदा रस धरून ठेवतो आणि खिमा आवळू देत नाही. आपल्याकडचं बोकड अंगानं सुकं, म्हणून खाटकाला सांगून किलोमागं दीडशे ग्रॅम चरबी सोबत दळून घ्या. मीठ १५ ग्रॅम, अगदी शेवटी. मीठ घालून मळत बसलात तर रबर होतो.

चिकोडी_एक्सप्रेस: एवढा खटाटोप कशाला? प्रेशर कुकर, तीन शिट्ट्या, विषय संपला.

कॅम्प_किचन: कुकरात आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. लोफ आकसतो, रस सगळा खाली. त्यांनी स्लो कुकरचं विचारलंय.

निपाणीकर: आठ तासच जास्त आहेत. एक किलोला लो वर पाच-सहा, हाय वर तीन. मधोमध ७१ अंश झालं की बंद (कोंबडीचा खिमा असेल तर ७४). तळाला बटाट्याच्या जाड चकत्या लावा, म्हणजे लोफ चरबीत बुडत नाही. कडांपासून बोटभर जागा सोडा. झाकणाखाली सुती पंचा ताणून लावा, नाहीतर थेंब वरच पडतात. पंच्याची टोकं मात्र वर बांधा, खाली लोंबू देऊ नका. आणि झाकण सारखं उघडू नका, दरवेळी वीस-तीस मिनिटं वाढतात.

संकेश्वरी_तडका: चवीचं कुणी बोललंच नाही! कच्चा मसाला मंद आचेवर कच्चाच राहतो. कांदा-लसूण तेलात लाल करा, त्यातच तिखट, धणे परतून गार करून घाला. रंगाला ब्याडगी मिरची, झटक्याला संकेश्वरी मिरची.

कॅम्प_किचन: कांदा परतायचा हे बरोबर, पाणी तिथंच उडतं. पण संकेश्वरी बेतानं, पाहुणे आहेत. लोफ लावण्याआधी चमचाभर मिश्रणाची टिक्की तव्यावर भाजून चाखा, मीठ-तिखट तिथंच कळतं.

चिकोडी_एक्सप्रेस: स्लो कुकरात कुंदा होईल काय?

निपाणीकर: झाकण लावून दूध आटणार कसं? कढईच घ्या.

खानापूर_रोड: कुंद्याचा वेगळा धागा काढा ओ. खिमा फ्रीजरमधला आहे, तसाच घालू? आणि ताप मोजायचा थर्मामीटर चालेल?

निपाणीकर: दोन्ही नाही. गोठलेला खिमा तासन् तास कोमट राहतो, जंतू वाढतात. शनिवारी सकाळीच फ्रीजच्या खालच्या खणात काढून ठेवा. तापाचा थर्मामीटर ४२-४३ च्या पुढं जात नाही, मांसात खुपसायचा टोकदार वेगळा मिळतो. शिजला की पंधरा मिनिटं तसाच राहू दे, मगच कापा.