1985 ची कॅटलिना 30 (शिडाची बोट) घ्यायची म्हणतोय, डेक एका जागी मऊ लागतोय. काय काय बघू?

शिडाचा_नाद:
मंडळी, मी मेरीलँडला असतो, चेसापीक बेपासून तासाभरावर. क्लबच्या बोटी चालवून झाल्या, आता स्वतःची घ्यायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय (म्हणजे मी ठरवलंय, बायकोने अजून नाही म्हटलेलं नाही इतकंच). बजेट सगळं धरून 20 हजार डॉलर.

अ‍ॅनापोलिसच्या दक्षिणेला एका खाडीत 1985 ची कॅटलिना 30 बघून आलो. फिन कीलवाली (कील म्हणजे तळाखालचा वजनदार पंख), 5 फूट 3 इंच ड्राफ्ट (पाण्याखालची खोली), युनिव्हर्सल एम-25 डिझेल इंजिन, मागतायत 9,500. मालक म्हणजे सत्तरीपुढचे आजोबा, बोलायला एकदम गोड. आत कुबट वास नाही, गाद्या नव्या, लाकडाला पॉलिश. पण उजवीकडे चेनप्लेटपाशी (डोलकाठीच्या तारा अडकवायची धातूची पट्टी) डेकवर पाय दिला की किंचित दबतो, पुढच्या हॅचजवळ पण तसंच वाटलं. आजोबा म्हणाले चाळीस वर्षांच्या बोटीत एवढं असायचंच. बोट पाण्यातच आहे त्यामुळे खालचं काहीच दिसलं नाही.

सर्व्हे (तज्ज्ञाकडून तपासणी) करायचाच आहे पण त्यात 700-800 जातील, वर बोट पाण्यातून उचलायच्या क्रेनचे वेगळे. त्याआधी स्वतः काय तपासावं? आणि मी एच-1बी वर आहे, बोट नावावर व्हायला काही लफडं?

खाडीवरचा_काका:
आधी गाद्या आणि पॉलिश डोक्यातून काढ, विकायला काढलेल्या बोटीत ते असतंच. त्या काळातलं फायबर जाडजूड आहे, हलची (बोटीच्या मुख्य अंगाची) काळजी सगळ्यात शेवटी. सडतं ते फायबरच्या दोन थरांच्या मध्ये घातलेलं लाकूड, म्हणजे डेकमधलं बाल्सा नाहीतर प्लाय, आणि ते सडतं कारण कुणीतरी क्लीट (दोर बांधायची खुंटी), स्टँचन (कठड्याचा खांब), चेनप्लेट बसवताना भोक पाडलं आणि सीलंट वीस वर्षं बदललंच नाही. म्हणून प्रत्येक भोकापाशी जा. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घे आणि डेक ठोकत चल, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि भिजलेल्या जागी भद्द. जिथे आवाज बदलतो तिथे मास्किंग टेपने हद्द आखत जा, मग लांबून बघ किती भाग बाद आहे. हातभर असेल तर भावात घासाघीस करायची, पुढचा अर्धा डेक असेल तर नमस्कार करून घरी.

मग खाली उतर आणि त्याच चेनप्लेटच्या बरोबर खालचं बल्कहेड (आतली आडवी लाकडी भिंत) बघ. व्हीनियरवर तपकिरी ओघळ आहेत का, प्लायमध्ये टोच्या सहज घुसतो का (मालकाला विचारून टोच, नाहीतर आजोबा गोड राहायचे नाहीत). डोलकाठी ज्यांच्यावर उभी आहे त्या तारांचा सगळा भार तिथे येतो. तारा कधी बदलल्या ते विचार, आठवत नाही म्हणाले तर बदलल्या नाहीत असं धर आणि या साइजला तीन-चार हजार बाजूला काढ.

दुसरं, कील. या मॉडेलच्या जुन्या बोटींत हलचा खाली आलेला भाग, ज्याला कील लटकतो, त्याच्या आत प्लाय घातलेलं आहे. बोल्टमधून बिल्जचं (बोटीच्या तळात साचलेलं) पाणी त्यात मुरलं की प्लाय दबतं आणि कीलच्या पुढच्या टोकाला हसल्यासारखी चीर पडते, तिला सगळे कॅटलिना स्माइलच म्हणतात. नुसती चीर बघून घाबरू नकोस, फिलर फुटल्यामुळे पण दिसते. खरं काय ते बोट क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असताना कळतं. कीलचं वजन जवळपास 1,900 किलो, बोट हवेत असताना ते खाली ओढतं आणि चीर उघडी पडते, यार्डात कीलवर टेकवली की परत मिटते आणि तू म्हणतोस काही विशेष नाही. तेव्हा लटकत असतानाच वाकून बघ, पाणी निथळतंय का ते पण बघ. तळाचे फोड पण तेव्हाच बघायचे, बोट वाळली की बसतात. चारदोन फोड असले तरी कुणी बुडत नाही.

इंजिन: आजोबांना फोनवर सांग की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लाव, गरम लागला तर समजून जा, थंड असताना लागायला त्रास देतं म्हणून आधीच चालवून ठेवलंय. एम-25 म्हणजे मूळ कुबोटा, दणकट इंजिन आहे, पण पॅनलच्या वायरिंगमधले जुने प्लग वितळतात, आग लागल्याची उदाहरणं आहेत. ते काढून सलग वायर केलीय का बघ. एक्झॉस्टमधून धुरासोबत पाणी दणकून पडलं पाहिजे. नुसतं न्यूट्रलला ऐकून खूश होऊ नकोस, पाण्यात नेऊन फुल थ्रॉटलला दहा-पंधरा मिनिटं पळव आणि टेंपरेचर बघ.

नको_रे_बाबा:
मऊ डेकवाली बोट घेऊच नये, सरळ मत. 9,500 ची बोट, 4,000 च्या तारा, 3,000 ची शिडं, डेक यार्डात दिला तर 6-8 हजार, झालं तुमचं बजेट आणि अजून मरिनाचं (बोट ठेवायच्या धक्क्याचं) भाडं पण दिलं नाहीये. बाजारात या मॉडेलच्या ढिगाने बोटी आहेत, सहा हजारांच्या वर बांधल्यात त्यांनी. कोरड्या डेकची मिळेपर्यंत थांबा, फार तर 5 हजार जास्त द्या.

फायबरवाला_मालवण:
आमच्याकडे मच्छीमारीच्या फायबरच्या होड्यांचं काम असतं. त्या बहुतेक सिंगल स्किन, आत कोअर (मधलं लाकूड) नाही त्यामुळे हा डेकचा प्रकार कमी, पण आउटबोर्ड लावतात तिथे मागच्या फळीत प्लाय असतं आणि ते अगदी असंच सडतं, बाहेरून चकचकीत आणि बोल्ट काढला की भुसा पडतो. काकांनी ठोकायचं सांगितलं ते एकदम बरोबर, आवाज बहुतेक वेळा खरं बोलतो.

एक जोडतो. मऊ जागेवर आधी कुणी भोकं पाडून रेझिन ओतलंय का बघा, डेकवर ओळीने बुजवलेले ठिपके दिसतील. ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही. ठोकल्यावर मधूनमधून टणक लागतं आणि माणूस फसतो. काम करायचं तर वरची कातडी कापून काढायची, सडकं सगळं खरवडायचं, पूर्ण सुकू द्यायचं आणि मग नवीन कोअर इपॉक्सीमध्ये. जुन्या फायबरवर पॉलिस्टर लावू नका, पकड कमी. हाताने केलंत तर सामानाचे काही शे डॉलर आणि अख्खी सुट्टी जाईल. अवघड नाही पण खाज फार येते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

कागदपत्रवाली_ताई:
बोटीतलं कळत नाही पण आम्ही घेतली तेव्हा हे सगळं मीच निस्तरलं. कोस्ट गार्डचं डॉक्युमेंटेशन (केंद्र सरकारची नोंदणी) फक्त अमेरिकन नागरिकाला मिळतं, ग्रीन कार्डवाल्यांना पण नाही. पण ते नसलं तरी चालतं, राज्याचं टायटल (मालकीचा कागद) आणि रजिस्ट्रेशन करा, मेरीलँडला ते डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं) करतं. 5 टक्के एक्साइज टॅक्स लागेल, तो बजेटमध्ये धरा. आजोबांची बोट सध्या डॉक्युमेंटेड असेल तर त्यांना ते रद्द करून घ्यायला सांगा, आणि त्याआधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (मालकी आणि कर्जाच्या नोंदींचा उतारा) काढून बोटीवर कर्ज नाही ना ते बघा.

आणि इन्शुरन्स कंपनीला आत्ताच फोन करा, घेतल्यावर नको. इतकी जुनी बोट काही जण घेतच नाहीत, बाकीचे सर्व्हे मागतात, आणि इन्शुरन्सचा कागद नसेल तर बऱ्याच मरिना जागा देत नाहीत.

शिडाचा_नाद:
सगळ्यांचे आभार. शनिवारी परत गेलो. इंजिन थंड होतं, दोन सेकंदात लागलं, थोडा पांढरा धूर आला आणि गेला. चेनप्लेटपाशी टेप लावल्यावर वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा भाग निघाला, हॅचजवळ त्याच्या निम्मा. ठिपके नाहीत. बल्कहेडला ओघळ आहे पण टोच्या घुसला नाही. वायरिंगचे प्लग जुनेच आहेत. एक विचित्र वाटलं, टॉयलेटचं दार वर घासतं, शेवटचा इंचभर खांदा लावून ढकलावं लागतं. आजोबा म्हणाले दमट हवेने फुगलंय.

खाडीवरचा_काका:
डेकचं जे सांगतोस ते घरी करण्यासारखं आहे, नको_रे_बाबांशी तेवढं असहमत. पण ते दार मला आवडलं नाही. या बोटीत डोलकाठी डेकवर उभी असते आणि खालच्या खांबावरून वजन तळाला जातं. खांबाखालचं नाहीतर वर डेकमधलं लाकूड कुजलं की सगळं थोडं थोडं खाली बसतं आणि पहिल्यांदा कळतं ते टॉयलेटच्या दारावर. मालकाने दार रंधून घेतलेलं असलं तर तेही कळत नाही, या आजोबांनी निदान तेवढं तरी केलेलं नाही. डोलकाठीच्या बुडाशी डेकवर एक सरळ पट्टी आडवी ठेव, मध्ये खळगा दिसतो का बघ. आणि खाली फ्लोअरबोर्ड उचलून खांबाचा पाय कशावर टेकलाय ते टॉर्चने बघ, फोटो इथे टाक.

खळगा नसेल तर 6,500 ची ऑफर दे, लेखी, सर्व्हे आणि सी ट्रायलच्या (पाण्यात चालवून बघण्याच्या) अटीवर, डिपॉझिट परत मिळेल हे त्यात स्पष्ट पाहिजे. सर्व्हेयर सॅम्स किंवा नॅम्सचा (या सर्व्हेयरच्या संघटना) घे आणि तूच शोध, ब्रोकर किंवा मालक सुचवेल तो नको. त्याला दाराचं आधीच सांगून ठेव. आणि यार्डवाल्याला सांग की बोट जेवणाच्या सुट्टीआधी उचला, म्हणजे तासभर पट्ट्यांवर लटकलेली मिळते, पैसे तेवढेच लागतात.