बक्षीसपत्र करून दिलं, आता घरातच परका झालोय

निवृत्त मास्तर, विश्रामबाग, सांगली:
वय ७१. २०१९ ला घर मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं केलं. मार नाही, शिव्या नाहीत. पण पेन्शनचं एटीएम कार्ड त्याच्याकडे, अन् ही गेल्यापासून माझं ताट खोलीत येतं, झाकून. दिवसभरात कुणी चार शब्द बोलत नाही. दुपारी आमराईत बाकावर बसतो. लवकर परतलं की सुनेच्या कपाळाला आठी. ३४ वर्षं वर्गात बोललो, आता आवाजच उतरलाय. याला छळ म्हणायचं का, की मीच हळवा झालोय?

कृष्णाकाठ:
छळच हो मास्तर. उद्याच बँकेत जा, ते कार्ड बंद करून नवं घ्या. पिन कुणाला सांगू नका, नातवालासुद्धा.

एक वकील, मिरज:
२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ बघा. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि अट मोडली, तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पत्रात अटच नसेल तर अवघड. निर्वाहखर्चाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे होतो, पण स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल तरच. आधी ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला फोन करा, पैसे पडत नाहीत.

निवृत्त मास्तर:
अट नाही लिहिली. पोटच्या पोराला कसली अट घालायची, असं तेव्हा वाटलं. अर्ज करायला हात धजत नाही. कार्डाचं तेवढं उद्या बघतो.

कृष्णाकाठ:
बरं. मी पाचला आमराईत असतो. पट आणतो. सांगलीकर आहात, बुद्धिबळ येत नाही म्हणू नका.