जुन्या गाडीचे ब्रेक पॅड बदलताना डिस्कही बदलाव्यात का?

माटुंगा_पूर्व:
आमच्याकडे २०१० सालची वॅगनआर आहे. पंधरा वर्षे झाल्यावर आरटीओतून नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, पर्यावरण कर भरला आणि आणखी पाच वर्षे हीच गाडी वापरायची असे ठरले. पुढचे पॅड आता संपत आले आहेत. गॅरेजवाले म्हणतात की पॅडसोबत दोन्ही डिस्कही, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या चकत्यांवर पॅड दाबले जातात त्याही, बदलून टाका. माझे मत याच्या विरुद्ध आहे. डिस्क मोजून बदलायची असते, वय पाहून नव्हे. तिची किमान जाडी तिच्यावरच, बहुधा मधल्या उंच भागावर किंवा कडेला, मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. मायक्रोमीटरने पाच-सहा ठिकाणी जाडी मोजावी. साध्या व्हर्नियरने मोजल्यास कडेला न झिजता उरलेला गंजका काठ त्याच्या जबड्यात येतो आणि डिस्क आहे त्याहून जाड भासते. जाडी पुरेशी असेल आणि तडे किंवा खोल चरे नसतील, तर डिस्क राहू द्यावी आणि वाचलेले पैसे कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना, त्यांची रबरे आणि ब्रेक ऑइल यांवर घालावेत. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत पिना गंजून अडकतात, एकच पॅड घासत राहतो आणि दोष मात्र पॅडच्या कंपनीला दिला जातो.

घाटमाथा:
आपला हिशेब आजच्या दिवसापुरता बरोबर आहे, पण गाडी तर पाच वर्षे चालवायची आहे. कोरलेली किमान जाडी म्हणजे डिस्क फेकून देण्याची मर्यादा. नवे पॅड चढवण्यास डिस्क योग्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आज किमान जाडीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त भरणारी डिस्क नव्या पॅडचे आयुष्य अर्धे होण्याआधीच मर्यादेखाली जाईल आणि तेव्हा मजुरी पुन्हा मोजावी लागेल. शिवाय नव्या डिस्कवर जुने, तिरके झिजलेले पॅड ठेवता येत नाहीत, म्हणजे चांगले पॅडही वाया जाणार. दुसरा मुद्दा उष्णतेचा. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडीची बरीचशी ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते आणि पातळ डिस्क त्याच ब्रेकला जास्त तापते. शहरात हे कळत नाही, घाटात कळते. या वर्गातील गाडीच्या दोन डिस्क काही परवडण्यापलीकडच्या नाहीत.

लेथचा_माणूस:
दोघांच्या मधला रस्ता कोणी बोलतच नाही. जाडी शिल्लक असेल तर डिस्क लेथवर हलकेच घासून सपाट करता येते. पॅडल थरथरले की लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते, नाहीतर हबच्या तोंडावर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, गंज साचल्यामुळे डिस्क मिलिमीटरच्या काही शतांशांनी तिरकी बसलेली असते. तो गंज तारेच्या ब्रशने न काढता नवी डिस्क बसवली, तर काही हजार किलोमीटरनंतर तीही थरथरू लागेल.

घाटमाथा:
तत्त्व मान्य, व्यवहार अमान्य. डिस्क गाडीवरच ठेवून घासणारे यंत्र किती गॅरेजांत आहे? उतरवलेली डिस्क कोपऱ्यावरच्या लेथवर, झिजलेल्या चकमध्ये धरून घासली, तर नसलेला तिरकेपणा निर्माण होतो. वर डायल गेज (असा तिरकेपणा मोजणारे उपकरण) लावून तपासायची तसदी कोण घेतो?

सायन_सिग्नल:
डिस्कवर एवढी चर्चा आणि पॅडवर एक ओळही नाही! मुंबईत गाडी चालते ती सायन ते घाटकोपर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अशा वापराला सिरॅमिक पॅड उत्तम: आवाज कमी, चाकांवर काळी भुकटी कमी आणि डिस्कही कमी झिजते. सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेला पॅड तापल्यावर चांगला धरतो, हे खरे. पण तेवढा तो शहरात तापतो कधी?

माटुंगा_पूर्व:
सिरॅमिकला माझा विरोध नाही, खोक्यावरच्या ‘सिरॅमिक’ या शब्दावरच्या विश्वासाला आहे. त्या एका शब्दाखाली कसलेही मिश्रण विकले जाते. त्यापेक्षा गाडीसोबत मूळ आलेल्या दर्जाचे, म्हणजे वाहन कंपनीच्या खोक्यातले किंवा ब्रेक्स इंडिया, राणे यांसारख्या जुन्या भारतीय उत्पादकांचे पॅड मला बरे वाटतात. आयात केलेलेच हवे असतील तर पाठीवरच्या पत्र्यावर ‘ई’ हे अक्षर आणि ‘९०आर’ हा क्रमांक पाहावा. युरोपच्या त्या नियमानुसार पर्यायी पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के आतबाहेरच असावी लागते. ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात खरेदी करताना जुना पॅड बरोबर न्यावा आणि पत्र्याचा आकार, कान व शिम (पाठीवरची पातळ पट्टी) दुकानातच जुळवून पाहावी. डुप्लिकेट माल तिथेच उघडा पडतो.

कुर्ला_सीएसटी_रोड:
पंधरा वर्षांच्या गाडीवर मायक्रोमीटर, डायल गेज, युरोपचा नियम! पुन्हा विकायला गेलात तर या सगळ्याचा एक रुपया मिळणार नाही. बाजारातले साधे पॅड टाका आणि चालवा. वेग ताशी चाळीसच्या वर जातो कुठे?

घाटमाथा:
अटल सेतूवर चारचाकीला ताशी १०० ची परवानगी आहे आणि ताशी चाळीसच्या तुलनेत तिथे थांबण्यासाठी सहापटींहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. गाडीच्या विक्रीमूल्याशी या हिशेबाचा काही संबंध नाही.

माटुंगा_पूर्व:
इथे घाटमाथा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यांचा उष्णतेचा मुद्दाही योग्य, फक्त तो डिस्कपेक्षा ब्रेक ऑइलला अधिक लागू पडतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, ओलावा शोषल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ऑइलला उकळी फुटली की नळीत वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते, मग डिस्क नवी कोरी असली तरी उपयोग नाही. पिनांना साधे काळे ग्रीस लावण्याची पद्धतही बंद व्हायला हवी; खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकची रबरे फुगतात, तिथे सिलिकॉनचेच लागते.

तेव्हा माझा निर्णय असा: कोरलेल्या आकड्यापेक्षा एक मिलिमीटर किंवा अधिक जाडी भरली तर डिस्क राहतील, कमी भरली तर घाटमाथा म्हणतात त्याप्रमाणे दोन्ही बदलेन, लेथ नको. पॅड मूळ दर्जाचे आणि ऑइल डॉट ४ घेईन.

सायन_सिग्नल:
आणि नवे पॅड डिस्कशी घासून जुळवून घेण्याचे काय? ते पहाटे बीकेसीतल्या रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने करावे. मध्ये पूर्ण थांबू नये आणि लगेच हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नये. सिरॅमिकचे माझे मत मात्र कायम आहे.