मदत हवी आहे: महिला बराकीतली खरूज आणि माझं अपुरं पडणारं आरोग्यशिक्षण

नमस्कार मंडळी,

मी निवृत्त परिचारिका आहे. गेले काही महिने रीतसर परवानगी घेऊन दर गुरुवारी एका जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात आरोग्याबद्दल बोलायला जाते. मोबाईल गेटवरच जमा होतो, त्यामुळे जे काही सांगायचं ते तोंडी.

सध्या बराकीत खरूज पसरली आहे. त्यावरचं परमेथ्रिन क्रीम आलं तेव्हा मी नेहमीचं सांगितलं: मानेपासून तळव्यांपर्यंत लावा, बोटांच्या बेचक्या नि नखांच्या कडा सोडू नका, रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ करा, आठवड्याने पुन्हा लावा. कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवा. त्यावर एक बाई अंगावरचा गाऊन चिमटीत धरून म्हणाली, "सिस्टर, हा एक आणि दोरीवर ओला तो एक. धुऊ कुठला नि घालू कुठला?" मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

खरजेचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. म्हणून कपडे तीन दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवले तरी भागतं. पण त्यासाठी तिसरा जोड हवा ना!

शिवाय सगळ्यांनी एकाच रात्री लावायला हवं. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायला चार-सहा आठवडे लागतात, त्यामुळे "मला काही नाही" म्हणणाऱ्या लावतच नाहीत. कच्च्या कैदी बायकांची ये-जा रोजचीच. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, मग "औषध लागू पडलं नाही" म्हणून काहीजणी रोज चोपडतात आणि कातडी भाजल्यासारखी लाल करून घेतात. एक तर जांघेतली खाज लपवून बसली होती, वेगळं ठेवतील म्हणून. आयांजवळ लहान मुलंही आहेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

कारागृहात काम केलेलं कुणी इथे आहे का? सगळ्या बराकीला एका रात्री औषध कसं लावून घेतलंत? नवीन येणारीला पहिल्याच दिवशी कोण तपासतं? जादा कपड्यांसाठी अधीक्षकांकडे अर्ज करायचा की आधी कारागृहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं? आणि दोघी फक्त बांगला बोलतात, त्यांच्यासाठी चार वाक्यं कुणी देवनागरीत लिहून देईल का? येत्या गुरुवारच्या आत मिळाली तर फार बरं होईल.