शाखेबद्दलचं समाधान मोजायला नॅकची प्रश्नावली चालेल का?

प्रश्न (मानस_एमए२): इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या साधारण २०० मुलांचं स्वतःच्या शाखेबद्दलचं समाधान मोजायचंय. मार्गदर्शक म्हणतात, नॅकचा (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचा) विद्यार्थी समाधान सर्व्हे घे. चालेल? प्रश्नावली मराठीत हवी.

सांख्यिकी_काका: नको. त्यातले २१ प्रश्न मुख्यतः शिकवण्याबद्दल आहेत: सिलॅबस किती झाला, शिक्षक तयारी करून येतात का वगैरे. शिक्षक झकास आणि शाखा नकोशी, असंही असतंच की.

मार्गारेट नॉटा यांची ‘ॲकॅडेमिक मेजर सॅटिस्फॅक्शन स्केल’ (२००७) बघा. फक्त ६ विधानं, १ ते ५ गुण. त्यातली ४ उलटी आहेत, म्हणजे ‘सहमत’ म्हटलं की नाराजी दिसते. त्यांचे गुण ६ मधून वजा करायचे, मग सहांची सरासरी काढायची. जितकी जास्त, तितकं समाधान.

भाषांतर_कट्टा: मराठी करताना दोन ठिकाणी घसरायला होतं.

एक, लिंग. ‘मी या शाखेत आलो/आले’ असली तिरकी रेघ सहा वेळा वाचून मुलं कंटाळतात. ‘माझी निवड’, ‘मला वाटतं’ अशी रचना केली की प्रश्नच मिटतो.

दुसरं जास्त घातक. ‘ही शाखा घ्यायला नको होती असं मला अनेकदा वाटतं’ यावर ‘असहमत’ म्हणजे काय? कधीच वाटत नाही, की क्वचित वाटतं? वर ‘नको’ आणि ‘असहमत’ मिळून दुहेरी नकार. ‘ही निवड चुकली असं मला वाटत राहतं’ हे सुटसुटीत. नंतर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजी करून घ्या, आणि चार-पाच मुलांना प्रत्येक विधानाचा अर्थ तोंडी विचारा.

कॅप_राऊंड: आणखी एक गोम. सहापैकी दोन विधानं शाखा बदलण्याच्या विचाराबद्दल आहेत. आपल्याकडे पहिल्या वर्षानंतर, जागा रिकामी असेल आणि गुण असतील तरच शाखा बदलते. दुसऱ्या वर्षाचा मुलगा नाराज असूनही ‘असहमत’ लिहील, कारण दार बंद झालंय. सरासरी उगाच फुगते. विधानं काढू नका, नाहीतर इतर अभ्यासांशी तुलना करता येणार नाही. त्या दोन विधानांची सरासरी वेगळीही दाखवा. शिवाय दोन प्रश्न जोडा: प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममधला कितवा पर्याय मिळाला? आज फॉर्म पुन्हा भरायचा तर पहिली कोणती शाखा टाकाल?

आणि निकालाच्या किंवा सबमिशनच्या आठवड्यात फॉर्म वाटू नका. तेव्हा फक्त वैताग मोजला जातो.

मानस_एमए२: ३० जणांची चाचणी घेतली, अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) अगदीच खाली आला.

सांख्यिकी_काका: उलटी विधानं तशीच राहिली असणार. प्रत्येक विधानाचा बाकी पाचांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. उलटी नसलेल्या दोन विधानांचा तो उणे येत असेल, तर हेच झालंय. शीटमध्ये नव्या रकान्यात =6-B2 लिहा; मूळ रकान्यावर लिहू नका, नाहीतर दुसऱ्यांदा उलटवाल आणि कळणारही नाही.