समुद्रालगतच्या उघड्या आरसीसीला सिलेन मारावं का?

खाजणकाठ: मालवणजवळ, समुद्रापासून दीडशे मीटरवर घराचं आरसीसी झालंय. काँक्रीट एम ३५ ग्रेडचं, सळ्यांवरचं कव्हर ५० मिमी, शेवटचा स्लॅब महिन्याभरापूर्वी भरला. पार्किंगचे कॉलम आणि चज्जे गिलावा न करता उघडेच ठेवणार आहोत. खाऱ्या वाऱ्यापासून बचावासाठी सिलेन (काँक्रीटमध्ये मुरून पाणी झटकणारं रसायन) घ्यावं की ॲक्रिलिक कोटिंग? पावसाळ्याआधी उरकायचंय.

शटरिंगवाला: काँक्रीट आहे तसंच दिसायला हवं तर सिलेन. ॲक्रिलिकचा वर पापुद्रा बसतो, मागून ओल आली की फुगतो. सिलेन काही मिलिमीटर आत शिरून छिद्रांच्या भिंतींना धरतं. छिद्रं बुजत नाहीत, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडते, पण खारं पाणी शोषलं जात नाही.

कॉलमला आणि चज्ज्याच्या तळाला पातळ द्रव घेऊ नका, ओघळून जातो. क्रीम घ्या, चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० ग्रॅम. थिनर टाकून वाढवायचं नाही (मजूर हटकून वाढवतात).

खरी मेहनत त्याआधीची. शटरिंग ऑइल आणि क्युरिंग कंपाउंड (काँक्रीटची ओल टिकवायला मारलेला थर) पूर्ण निघायला हवं, नाहीतर माल वरच राहतो. पृष्ठभागावर बसलेलं मीठ गोड्या पाण्याच्या प्रेशरने धुवा, मग तीन-चार दिवस कडक ऊन द्या. छिद्रांत पाणी असेल तर सिलेनला शिरायला जागाच नसते. काच आणि ॲल्युमिनियम झाकून घ्या. मारल्यावर दिवसभर पाऊस लागू देऊ नका.

जांभाचिरा: दोन गोष्टी राहिल्या. हनीकोंबिंगची (काँक्रीट नीट न भरल्याने राहिलेल्या पोकळ जागांची) दुरुस्ती, भेगा, चिऱ्याच्या भिंतीला लागून येणारा गिलावा, सगळं आधी उरका. सिलेन मारलेल्या जागी सिमेंट धरत नाही. आणि चज्ज्याला उतार आहे ना? साचलेलं, दाबाखालचं पाणी सिलेन थोपवत नाही.

खाजणकाठ: उतार आहे. पाणी शिंपडल्यावर मोती झाले की काम झालं समजायचं का?

शटरिंगवाला: मोत्यांवर बिल काढू नका. जेमतेम वरच्या थरात मुरलं तरी मोती होतात, आणि पुढे उन्हाने ते गेले तरी आतला थर काम करतच असतो. त्याच मिक्सचा एक नमुना तुकडा भरून ठेवला असेल तर त्यावर तसंच क्रीम मारा, काही आठवड्यांनी फोडा आणि ताज्या फुटीवर पाणी टाका. कडेची जेवढी पट्टी कोरडी, फिकट राहील तेवढं सिलेन आत गेलं. पट्टी दिसलीच नाही तर धुण्यात किंवा सुकवण्यात गडबड आहे.

जांभाचिरा: तुकडा नसेल तर कॉलमला हात न लावता पॅरापिटमधून छोटा कोर (ड्रिलने कापलेला गोल नमुना) काढा.