बाराही महिने एकच कॉइलओव्हर? ‘मिठाचा बाऊ’ या शेऱ्याला सविस्तर उत्तर

तिरपा कॅम्बर (धागाकर्ता) :
परवा ‘दोन बोटे खाली’ यांनी एका नवख्या सभासदाला सल्ला दिला, की कॉइलओव्हर, म्हणजे आटे पाडलेल्या नळीचा शॉक (धक्के शोषणारा भाग) आणि त्याभोवतीची स्प्रिंग असे उंची बदलता येणारे संच घ्यावेत, उन्हाळ्यात गाडी खाली बसवावी, हिवाळ्यात कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांवरची कडी) फिरवून वर घ्यावी, म्हणजे एकाच संचात वर्ष निघते, आणि वर पुस्ती जोडली, की “मिठाचा बाऊ करणारे लोक गाडीखाली कधी शिरलेलेच नसतात.” मी अकरा हिवाळे गाडीखाली शिरत आलो आहे, त्यामुळे ते वाक्य मला जरा जास्तच झोंबले.

स्टीलच्या नळीवर ॲल्युमिनियमची कॉलर आणि दोहोंच्या मध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे खारे पाणी, म्हणजे आपण चाकाजवळ एक विद्युतघटच बसवलेला असतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये ठासून भरते आणि कॉलर वेल्डिंग केल्यासारखी जागच्या जागी बसते. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकलेल्या रस्त्यांवर तर प्रकरण आणखी वाईट असते, कारण ही द्रव्ये हवेतला ओलावा ओढून घेतात. रस्ता कोरडा दिसला तरी आटे ओलेच राहतात. माझ्या पहिल्या संचाची कॉलर दुसऱ्या हिवाळ्यानंतर तीन तास झुंजूनही हलली नाही. पान्याने खाचा तेवढ्या उडाल्या आणि शेवटी मला ती कापून काढावी लागली. जी कॉलर फिरत नाही, तिला ॲडजस्टेबल कोणत्या अर्थाने म्हणायचे?

दुसरे असे, की कॉलर वर नेऊन गाडी उचलली तर शॉकचा खाली उतरायचा पल्ला तितकाच कमी होतो, आणि गोठलेल्या चाकोऱ्यांतून जाताना चाक खड्ड्यात पुरेसे उतरत नाही. शिवाय गुळगुळीत बर्फावर घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो, कोरड्या डांबरावर तो ०.८ च्या पुढे जातो. बर्फावर वळताना गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर फारसे सरकतच नाही. मग कॉइलओव्हरच्या त्या कडक स्प्रिंगा नेमके काय सावरत असतात?

दोन बोटे खाली :
आपल्या अकरा हिवाळ्यांविषयी मला आदर आहे, पण स्वस्तातला संच घेतला आणि तो जाम झाला, एवढीच आपली कथा आहे. तिचा सिद्धांत करण्याची गरज नव्हती. स्टेनलेस स्टीलची नळी आणि तीवर प्लास्टिकजातीची कॉलर असे संच केडब्ल्यूसारखे उत्पादक विकतात, त्यात आपला विद्युतघट उभाच राहत नाही. माझा संच तसा नाही, जस्ताचा मुलामा दिलेला साधाच आहे, तरीही चौथा हिवाळा चालू आहे. दर शरद ऋतूत मी आट्यांवर तांब्याचे ग्रीस चोपडतो आणि वरून कापडी कव्हर चढवतो. पल्ल्याबद्दल आपण जे लिहिले आहे, ते ज्यात स्प्रिंगची बैठक सरकवून उंची बदलतात त्या प्रकाराला लागू आहे. ज्यात खालचा ब्रॅकेट फिरवून नळीची लांबीच बदलते, त्यात शॉकचा पल्ला जसाच्या तसा राहतो. हा फरक अकरा हिवाळ्यांत आपल्या नजरेस आला नाही, याचे नवल वाटते.

तिरपा कॅम्बर :
फरक मला ठाऊक आहे, आणि मी तो लिहायला हवा होता, हे मान्य. मात्र त्या प्रकारात आटे आणखी खाली, थेट चाकाने उडवलेल्या चिखलाच्या तोंडाशी येतात, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. ॲल्युमिनियमच्या कॉलरशेजारी तांबे नेऊन बसवणे ही तर तिसऱ्या धातूला दिलेली मेजवानी आहे. तिथे निकेलचे ग्रीस तरी वापरावे, किंवा साधे लॅनोलिन (लोकरीतले मेण). कापडी कव्हरही खारे पाणी बाहेर ठेवत नाही, ते आत सांभाळून ठेवते.

मूळ शॉक :
हा वाद वाचताना मला मौज वाटते आहे, कारण कारखान्यातून आलेले शॉक काढण्याची कोणालाच गरज नव्हती. माझ्या आधीच्या गाडीवर मोनोट्यूबचा, म्हणजे एकेरी नळीच्या शॉकचा संच होता. उणे २८ अंशांच्या सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी लाकडी फळीवर ठेवल्यासारखी आपटत जात असे, कारण थंडीत तेल घट्ट होते आणि झडपांमधून चटकन सरकत नाही. शॉकमधल्या वायूचा दाबही तापमानाबरोबर घसरतो. अधिक २० वरून उणे २५ वर आलात की सुमारे १५ टक्के गेलाच. त्यातच रस्त्यावर टाकलेल्या खडीतला एक दगड नळीवर आदळून पोचा पडला. मोनोट्यूबमध्ये बाहेरची नळी हीच पिस्टनची भिंत असते, त्यामुळे त्या एका पोच्याने शॉक निकामी झाला. दुहेरी नळीच्या शॉकने तो पोचा सहज पचवला असता. वरच्या माउंटमध्ये (शॉक गाडीला जोडतात त्या भागात) रबराऐवजी उघडे गोलाकार बेअरिंग घालणाऱ्यांबद्दल मी न बोललेलेच बरे. मीठ आणि बारीक वाळू आत गेली की प्रत्येक गतिरोधकावर कोणीतरी दार ठोठावत असल्याचा भास होतो.

उबदार गॅरेज :
आपण सारे गंजाबद्दल एवढे भांडता आहात, पण उपाय सोपा आहे. मी गाडी रोज रात्री तापवलेल्या गॅरेजमध्ये उभी करतो. सकाळपर्यंत बर्फ वितळून गाडी कोरडी होते. गंज येणारच कुठून?

तिरपा कॅम्बर :
तिथूनच येणार. गंज ही रासायनिक क्रिया आहे आणि उष्णता वाढली की तिचा वेग वाढतो. बाहेर गोठून निपचित पडलेले मीठ आपण रोज संध्याकाळी प्रेमाने वितळवून आट्यांत मुरवता आहात.

उबदार गॅरेज :
माझी गाडी नऊ वर्षांची आहे आणि तिच्या दारांना एक ठिपका नाही. पुस्तकी ज्ञानाने अनुभव खोटा ठरत नसतो.

मूळ शॉक :
दारांबद्दल कोण बोलते आहे? ब्रेकच्या नळ्या पाहा, स्प्रिंगच्या बैठकी पाहा. मात्र ‘तिरपा कॅम्बर’ यांनाही सांगणे आहे, की साध्या मिठाचे संपृक्त पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही आणि कॅल्शियम क्लोराइडचे तर उणे ५० च्या आसपासपर्यंत. म्हणजे उणे दहामध्ये बाहेर उभी केलेली आपली गाडीही निपचित नाही, ती फक्त सावकाश गंजते आहे.

तिरपा कॅम्बर :
‘गोठून’ हा शब्द मागे घेतो. ‘सावकाश’ हा शब्द मात्र माझ्याच बाजूचा आहे, याची नोंद घ्यावी.

उबदार गॅरेज :
उणे वीसमध्ये उघड्यावर जमिनीवर झोपून पाना फिरवणाऱ्यांनी इतरांच्या गॅरेजवर दात धरणे स्वाभाविक आहे. मी आठवड्यातून दोनदा खालून पाण्याचा फवारा मारतो, हे मी लिहिले नव्हते, आता लिहितो.

दोन बोटे खाली :
मग गंज आला नाही तो फवाऱ्यामुळे, गॅरेजमुळे नव्हे! एवढे आधी लिहिले असते, तर इतके प्रतिसाद वाचले असते.

गोलकभक्त :
या सगळ्याचे उत्तर १९५५ सालीच देऊन झाले आहे. सित्रोएन डीएसमध्ये चालकाजवळची दांडी सरकवली की तेल आणि वायूच्या जोरावर पूर्ण गाडी वर उठत असे. तिला ना आटे, ना पाना, ना तांब्याचे ग्रीस.

मूळ शॉक :
त्याच गाडीतले सुरुवातीचे तांबडे द्रव ओलावा शोषून आतून गंज आणत असे, म्हणून १९६६ मध्ये हिरवे खनिज तेल आणावे लागले, हेही भक्तीच्या ओघात सांगत जावे. ओलाव्याने तिलाही सोडले नव्हते.

नवी किल्ली :
ज्या नवख्या सभासदावरून हा धागा निघाला तो मीच. मला गाडी जमिनीला टेकवायची नाही, शर्यतीत न्यायची नाही. माझी एवढीच अडचण आहे, की मूळ शॉक थकले आहेत, आणि नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ व मीठ असते. मी नेमके काय करावे, हे कृपया कोणी सांगेल का?

तिरपा कॅम्बर :
क्षमस्व, आम्ही आपल्याला विसरलोच होतो. उंची वर्षातून दोनदा बदलण्याचा बेत आधी मनातून काढून टाका, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा तिरपेपणा) आणि टो (चाकाचे आत-बाहेर वळणे) बदलतात, म्हणजे दर वेळी व्हील अलाइनमेंट आले, हेडलाइटची पातळी आली. ती कटकट लोक एक वर्ष सोसतात आणि दुसऱ्या वर्षी गाडी आहे तिथेच ठेवतात. घ्यायचेच असतील तर स्टेनलेस नळीचे, मऊ स्प्रिंगांचे, रबरी माउंटचे घ्या. मूळ उंचीच्या जवळपास बसवा, आणि कॉलर महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंना थोडी फिरवून परत खुणेवर आणा. शॉकचा कडकपणा बदलणारे बटण खालच्या टोकाला असेल तर तो संच घेऊ नका, तेच सर्वांत आधी जाम होते. एवढे जमणार नसेल, तर ‘मूळ शॉक’ यांचे ऐका. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

मूळ शॉक :
मला मात्र होतो. नवे मूळ शॉक, आणि उरलेल्या पैशांत चांगले हिवाळी टायर, जमल्यास एक माप अरुंद.

दोन बोटे खाली :
अरुंद टायरबद्दल सहमत, बाकी सल्ला घाबरटपणाचा आहे. कॉलर महिन्याला फिरवायची काही आवश्यकता नसते. माझी गेल्या शरद ऋतूपासून तशीच आहे आणि उत्तम आहे.

तिरपा कॅम्बर :
उत्तम आहे हे आपण फिरवून पाहिले आहे, की बघून ठरवले आहे?

दोन बोटे खाली :
आज दुपारी कव्हरे काढली. डावी कॉलर फिरली. उजव्या बाजूला तेल मारून ठेवले आहे, उद्या पुन्हा पाहीन. आणि निकेलच्या ग्रीसचा डबा कोणता घ्यावा, हे कोणी टोमणा न मारता सांगणार असेल, तरच सांगावे.